पाठीवरच्या बॅटरी पंपातील विजेचे दोष : शोध व उपाय



श्रावणात आठ-आठ दिवस झड लागते आणि मधे दोन दिवस उघाड मिळते. पऱ्हाटीवर तुडतुडे वाढलेले असतात, सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्या दिसू लागलेल्या असतात आणि फवारणीसाठी हाती तेवढे दोनच दिवस असतात. नेमका अशा वेळी पाठीवरचा बॅटरी पंप तिसऱ्या-चौथ्या टाकीला मंद पडतो किंवा अजिबात सुरू होत नाही. दुकानात नेल्यास बहुधा "बॅटरी गेली" असे सांगितले जाते. शेतकरी नवीन बॅटरी बसवून आणतो आणि आठ-पंधरा दिवसांत तीच तक्रार पुन्हा सुरू होते.

अमरावती व अकोला जिल्ह्यांत हाताने दांडा मारावयाच्या पंपाची जागा आता मोठ्या प्रमाणावर बॅटरी पंपाने घेतली आहे. २०२४ मध्ये कापूस, सोयाबीन व तेलबियांसाठीच्या विशेष कृती योजनेतून राज्य शासनाने असे पंप अनुदानावर दिले, त्यामुळेही त्यांची संख्या वाढली. पंप घरोघरी आला, परंतु त्यातील विजेचा मार्ग समजावून घेण्याकडे मात्र दुर्लक्ष झाले. बॅटरी बदलण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे एका साध्या मल्टिमीटरने घरच्या घरी कसे शोधावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

मंद पंपाने होणारे नुकसान

पंप मंद चालला तर वेळ वाया जातो, एवढेच नुकसान आपल्या लक्षात येते. खरे नुकसान औषधाच्या मात्रेत होते. समजा, चांगल्या स्थितीतील पंपाच्या नोझलमधून मिनिटाला ८०० मिलि द्रावण बाहेर पडते आणि आपल्या नेहमीच्या चालीने एकराला १६ लिटरचे १० पंप लागतात. विजेच्या दोषामुळे हाच प्रवाह ६०० मिलिवर आला आणि चाल तीच राहिली, तर त्याच एकरात फक्त साडेसात पंप जिरतात. म्हणजे पिकाला पाणी व औषध दोन्ही पाव हिश्शाने कमी मिळते. शिवाय दाब कमी झाल्याने थेंब मोठे पडतात आणि पानाच्या खालच्या बाजूस औषध नीट पोहोचत नाही. तुडतुडे तर तेथेच असतात.

कीड आटोक्यात येत नाही, म्हणून पुढच्या वेळी टाकीत औषधाचे झाकण जास्त ओतले जाते किंवा दोन-तीन औषधे एकत्र केली जातात. त्याचा पहिला त्रास फवारणाऱ्यालाच होतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, हे आपण विसरता कामा नये. म्हणून मात्रा वाढविण्याआधी पंप तपासावा.

पंपातील विजेचा मार्ग

बॅटरी पंपात वीज एका ठरलेल्या वाटेने फिरते. बॅटरीच्या लाल (धन) टोकापासून निघालेली वीज फ्यूज, चालू-बंद स्विच, वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि पंपावरील दाबाचा स्विच यांमधून मोटारीत जाते व काळ्या (ऋण) तारेने बॅटरीकडे परत येते. काही पंपांत हा क्रम थोडा वेगळा असतो. वाट मात्र एकच असते. वाटेत प्रत्येक ठिकाणी चपट्या पिनांचे जोड असतात. यांपैकी एक जोड जरी ढिला किंवा गंजलेला असला तरी संपूर्ण वाट अडते. पाटातील पाणी एका ठिकाणी तुंबले की पुढच्या सऱ्या कोरड्या राहतात, तसाच हा प्रकार आहे.

मोटार १२ व्होल्टची असते आणि काम करताना साधारणतः २ ते ३ अँपिअर वीज ओढते. एखाद्या गंजलेल्या जोडाचा अडथळा केवळ अर्धा ओहम असला आणि वीज ३ अँपिअर असली, तर तेथे दीड व्होल्ट खर्च होतात. बॅटरी १२.३ व्होल्ट देत असूनही मोटारीला १०.८ व्होल्टच मिळतात. वाया गेलेली ही वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून असा जोड हाताला गरम लागतो. आवरण कोमट लागणे किंवा प्लॅस्टिक पिवळे पडणे ही दोषाची खूणच समजावी.

उघडण्यापूर्वीची काळजी

औषधाने भरलेला पंप वावरात कधीही उघडू नये. दोष शोधण्यापूर्वी पुढीलप्रमाणे तयारी करावी.

१) टाकीतील द्रावण झाकणाच्या डब्यात काढून घ्यावे. टाकी तीन वेळा स्वच्छ पाण्याने विसळावी व प्रत्येक वेळी ते पाणी नळी व नोझलमधून बाहेर काढावे. पंप चालत नसल्यास टाकीच उपडी करून विसळावी. विसळलेले पाणी विहीर, नाला किंवा जनावरांच्या हौदाजवळ टाकू नये.

२) पंप बाहेरून साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करावा. बॅटरीच्या कप्प्यात पाणी मारू नये.

३) रबरी हातमोजे घालावेत. नोझल कधीही तोंडाने फुंकू नये.

४) कप्पा उघडताच प्रथम बॅटरीची एक तार सोडवावी. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, परंतु पान्हा किंवा हातातील अंगठी दोन्ही टोकांना एकदम लागल्यास मोठी ठिणगी पडून हात भाजतो.

५) तपासणीसाठी टाकीत फक्त साधे पाणी भरावे.

दोष विजेचा की पाण्याचा?

अनेकदा विजेचा दोष समजून आपण वायरिंग उसकटतो आणि प्रत्यक्षात जाळी तुंबलेली निघते. म्हणून प्रथम मोटारीचा आवाज ऐकावा. आवाज नेहमीसारखा असून फवारा कमी असेल, तर दोष बहुधा पाण्याच्या बाजूला असतो. नोझल काढून खटका दाबावा. धार जोरात आली तर नोझल तुंबले आहे. धारही कमी असेल तर टाकीतील व खटक्यातील जाळी साफ करावी आणि ओढीची नळी कोठे हवा घेते का ते पाहावे. हवा घेत असल्यास मोटार हलकी व भरभर चालल्यासारखी वाजते.

खटका दाबलेला असताना मोटार सारखी बंद-चालू होत असेल, तर नोझल तुंबून दाब वाढत आहे व दाबाचा स्विच वीज तोडत आहे, असे समजावे. याउलट मोटारीचा आवाजच जड व संथ झाला असेल, हळूहळू मावळत असेल किंवा आवाजच येत नसेल, तर विजेचा दोष शोधावा.

तपासणीच्या पायऱ्या

मल्टिमीटर डी.सी. २० व्होल्टवर ठेवावा. रेग्युलेटर पूर्ण वेगावर फिरवावा. तो अर्ध्यावर ठेवल्यास मोटारीजवळचे माप मुळातच कमी दिसते व फसगत होते.

पायरी १ – स्थिर बॅटरीचे माप : बॅटरी पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून, किमान दोन तास तशीच ठेवावी. त्यानंतर टोकांवर माप घ्यावे. बंद प्रकारच्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी १२.७ ते १३ व्होल्ट म्हणजे ती पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण निम्मी आणि ११.८ किंवा कमी म्हणजे रिकामी समजावी. पूर्ण चार्जिंगनंतरही माप साडेदहाच्या जवळच राहत असेल, तर सहा घरांपैकी एक घर निकामी झाले आहे. प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्टचे असते. अशी बॅटरी बदलावीच लागते.

पायरी २ – भाराखालील माप : नुसते स्थिर माप पाहून बॅटरी चांगली ठरवू नये. आतून थकलेली बॅटरीही स्थिर असताना १२.६ दाखवते. पंप पाण्यावर चालवून, खटका दाबून, बॅटरीच्या टोकांवर पुन्हा माप घ्यावे. भरलेली चांगली बॅटरी १२ च्या वर राहते. माप काही क्षणांत १०.५ च्या खाली घसरले तर बॅटरी थकलेली आहे.

पंप चालतच नसेल तर मोटारसायकलच्या दिव्याचा १२ व्होल्ट, ३५ वॅटचा बल्ब बॅटरीला जोडावा. हा बल्ब सुमारे ३ अँपिअर वीज घेतो, म्हणजे पंपाएवढाच भार टाकतो. ८ अँपिअर-तासाच्या भरलेल्या बॅटरीवर तो अर्धा तास जळल्यावरही माप ११.८ च्या वर असावे. बल्ब पाच-दहा मिनिटांतच लालसर झाला तर बॅटरी दोषी आहे. बल्ब फार तापतो, त्याला हात लावू नये.

पायरी ३ – मोटारीजवळचे माप : ही पायरी सर्वांत महत्त्वाची असून बहुतेक जण हीच गाळतात. पंप चालू ठेवून प्रथम बॅटरीच्या टोकांवर व लगेच मोटारीच्या तारांवर माप घ्यावे. दोन मापांतील फरक अर्ध्या व्होल्टपर्यंत असल्यास वाट मोकळी आहे. फरक एक व्होल्टपेक्षा अधिक असल्यास बॅटरीला दोष देऊ नये, वीज वाटेत अडते आहे. मग मीटरची काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून लाल सुई फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, स्विचच्या अलीकडे-पलीकडे अशी पुढे सरकवीत न्यावी. जेथे माप एकदम कमी होते तेथेच दोष असतो. लाल तारेवर दोष न सापडल्यास काळ्या तारेचे जोडही याच पद्धतीने पाहावेत.

एका प्रशिक्षणात अकोट तालुक्यातील एका शेतकऱ्याने आणलेल्या पंपात दोन हंगामांत तीन बॅटऱ्या बसविल्या गेल्या होत्या. पंप चालू असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट होते, मोटारीवर मात्र १०.४. फ्यूजच्या खोबणीत हिरवट थर साचलेला होता. पॉलिश पेपरने पिना घासून, खोबण दाबून घट्ट केल्यावर मोटारीवर ११.९ व्होल्ट मिळाले आणि मिनिटाचा प्रवाह ६६० वरून ८०० मिलिवर आला. आधीच्या तीनही बॅटऱ्या बहुधा चांगल्या असाव्यात.

पायरी ४ – फ्यूज : फ्यूज जळला असल्यास कंपनीने लिहिलेल्या अँपिअरचाच दुसरा बसवावा. तो पुन्हा जळला तर कोठेतरी तारेचे आवरण सोलले आहे किंवा मोटार अडकली आहे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळू नये. तसे केल्यास फ्यूजऐवजी तार जळते आणि ती पाठीजवळ जळते.

पायरी ५ – स्विच, रेग्युलेटर व दाबाचा स्विच : खटका दाबून ठेवून दाबाच्या स्विचच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडाव्यात. मोटार सुरू झाली तर तो स्विच दोषी आहे. ही जोडणी केवळ तपासणीपुरती करावी. ती तशीच ठेवून फवारणी केल्यास खटका सोडल्यावरही मोटार चालू राहते, नळी फुटते आणि औषध अंगावर उडते. रेग्युलेटरमध्ये नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग असतात. बॅटरीच्या तारा उलट लागल्यास ते तत्काळ जळतात, म्हणून जोडताना लाल-काळा रंग दोनदा पाहावा.

पायरी ६ – मोटार : मोटारीच्या दोन्ही तारा सोडवून भरलेल्या बॅटरीवर थेट लावाव्यात. मोटार जोमाने फिरली तर ती चांगली आहे. फिरत नसेल पण हलकेच ठोकल्यावर सुरू होत असेल, तर आतील कार्बन ब्रश झिजले आहेत. नुसतीच गुणगुणत असेल तर पंपाच्या पडद्याखाली औषधाची वाळलेली खळ अडकली असण्याचा संभव असतो. कोमट पाणी फिरवून पाहावे व तरीही न सुटल्यास पंपाचे डोके उघडावे.

खारपाणपट्ट्यातील विशेष काळजी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोट, तेल्हारा, दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर इत्यादी भागांत विहिरी-बोअरचे पाणी खारे आहे. अशा पाण्याचा एक थेंब जोडावर पडून वाळला तरी मीठ मागे राहते. हवेतील ओलावा ओढून घेऊन ते तांब्या-पितळेच्या पिना खाते आणि त्यावर हिरवा-पांढरा थर धरतो. गोड्या पाण्याच्या भागात हंगामभर टिकणारा जोड खारपाणपट्ट्यात त्यापूर्वीच बिघडू शकतो. म्हणून येथील शेतकऱ्यांनी हंगामाच्या सुरुवातीस, मध्यास व शेवटी सर्व जोड उघडून घासावेत, घट्ट बसवावेत आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. नुसत्या पिळलेल्या तारांवर टेप गुंडाळू नये. तारेला डाग देऊन (सोल्डर करून) मग टेप लावावी.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बॅटरीचा कप्पा आतून ओला दिसला तर ती केवळ विजेची तक्रार नव्हे. टाकी, वायसर किंवा नळीतून द्रावण गळते आहे आणि तेच द्रावण फवारणाऱ्याच्या पाठीवरही झिरपते आहे. प्रथम गळती बंद करावी, त्यानंतर वायरिंग दुरुस्त करावे.

लक्षणांवरून दोष ओळखण्याचा तक्ता

• स्विच दाबूनही काहीच आवाज नाही – फ्यूज जळणे, बॅटरीची पिन निसटणे, स्विच निकामी होणे. पायरी १, ४ व ५ पाहाव्यात.
• सुरुवातीस चांगला, तासाभरात मंद – बॅटरी अर्धवट चार्ज होणे किंवा थकणे. पायरी १ व २.
• सुरुवातीपासूनच मंद, बॅटरी भरलेली – जोडातील अडथळा, रेग्युलेटरचा दोष. पायरी ३.
• चालताना धक्का बसला की बंद-चालू – ढिला जोड किंवा आवरणाच्या आत तुटलेली तार. तार हलवून पाहावी.
• फ्यूज वारंवार जळणे – तारा एकमेकींना लागणे, मोटार अडकणे. पायरी ४ व ६.
• खटका सोडल्यावरही मोटार चालू – दाबाचा स्विच चिकटणे किंवा पुढे गळती असणे.
• रात्रभर लावूनही चार्जिंग नाही – चार्जर किंवा चार्जिंगच्या खोबणीचा दोष.

चार्जिंग व साठवण

चार्जर तपासण्यासाठी बॅटरीच्या टोकांवर आधी व चार्जर लावल्यावर दहा मिनिटांनी माप घ्यावे. माप चढून १३ च्या वर जात असेल तर चार्जर काम करतो आहे. अजिबात चढत नसेल तर चार्जर, त्याची तार किंवा खोबण पाहावी. चार्जर घरच्या २३० व्होल्ट विजेवर चालतो. ओल्या हाताने किंवा ओल्या जमिनीवर उभे राहून तो लावू नये. पंपाला औषधाचा अंश लागलेला असतो, म्हणून चार्जिंग स्वयंपाकघरात, धान्याजवळ किंवा मुलांच्या निजायच्या खोलीत करू नये. जागा हवेशीर असावी.

फवारणी करून आल्यावर बॅटरी त्याच रात्री चार्ज करावी. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिल्यास तिच्या आतील शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो व तिची साठवणक्षमता कायमची घटते. आपल्याकडे डिसेंबरपासून जूनपर्यंत बरेच पंप अडगळीत पडतात आणि पुष्कळ बॅटऱ्या याच काळात मरतात. हंगाम संपताच बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची तार सोडवावी, घरातील थंड जागी ठेवावी आणि दर महिना-दीड महिन्याने पुन्हा चार्ज करावी. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो व पत्र्याच्या खोलीत तो त्याहूनही अधिक असतो. साधारण नियम असा आहे की, तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते.

काही नव्या पंपांत लिथियम बॅटरी असते. तिला वरील आकडे लागू नाहीत. तीन घरांची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते व काम करताना ११ च्या आसपास राहते. ती मंद न होता एकदम बंद पडते, कारण आतील संरक्षक पट्टी वीज तोडते. तिला शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर लावू नये. फुगलेली बॅटरी वापरू नये, टोचू नये व उघडू नये. कोणतीही निकामी बॅटरी उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी.

फवारणीस निघण्यापूर्वी

दर हंगामाच्या पहिल्या दिवशी टाकीत साधे पाणी भरून, पूर्ण वेगावर, एक मिनिटाची धार मापाच्या भांड्यात धरावी व तो आकडा टाकीवर रंगाने लिहून ठेवावा. पुढे प्रत्येक फवारणीच्या आदल्या दिवशी तेच माप घ्यावे. आकडा दहा टक्क्यांपेक्षा अधिक घसरला तर वरील पायऱ्या सुरू कराव्यात. दोष आदल्या संध्याकाळी सापडला तर तो साध्या पाण्यात व स्वच्छ हातांनी दुरुस्त होतो. दुसऱ्या दिवशी वावरात सापडला तर त्यावर औषध असते.

सोबत दोन फ्यूज, पॉलिश पेपरचा तुकडा, टेप, पेचकस व हातमोजे यांची पिशवी ठेवावी. फवारणी करताना डोके दुखणे, मळमळ, फार घाम किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाल्यास पंपाचा विचार सोडून तत्काळ काम थांबवावे, कपडे बदलून अंग साबणाने धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा लेबलसह डॉक्टरांना दाखवावा.

मल्टिमीटर एकट्याने घेणे परवडत नसेल तर गटात मिळून एक घ्यावा व गावातील एखाद्या तरुणाला त्याचा वापर शिकवावा. येत्या हंगामात नवीन बॅटरीसाठी पैसे काढण्यापूर्वी पायरी ३ एकदा अवश्य करून पाहावी.